यूएफसीवर भांडायचं तर आधी कार्ड भरा

सदाशिव पेठेत माझी मेस आहे. जेवणारी पोरं बहुतेक स्पर्धा परीक्षेची. कोणी नांदेडचं, कोणी धुळ्याचं, कोणी सांगोल्याचं. रविवारी दुपारी फीस्ट आणि संध्याकाळी बंद, हे पुण्यातल्या मेसचं ठरलेलं. अमेरिकेतली शनिवार रात्रीची यूएफसी, म्हणजे पिंजऱ्यात बुक्के, लाथा आणि कुस्ती सगळं चालतं त्या फाइटचे कार्यक्रम, आपल्याकडे रविवारी सकाळी लागते, म्हणजे नेमकी आमच्या पुऱ्या लाटायच्या वेळेला. पोरं लवकर येऊन मटार सोलायला बसतात, त्या बदल्यात हॉलमधला टीव्ही त्यांचा.

फाइट बघण्याला माझी कधीच हरकत नव्हती. फाइट संपल्यावर जे सुरू व्हायचं त्याला होती. ‘तुला काय कळतंय’, ‘तुझा तो पळपुटा’ आणि ‘जज विकले गेलेत’, एवढ्या तीन वाक्यांवर अर्धा अर्धा तास आवाज चढलेला.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, खटाव तालुक्यातले जुने पैलवान. जत्रेचे फड बघत मी मोठी झाले. भांडणं तिथेही होतात, नाही असं नाही. २०२५ ला अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत खांदे टेकले की नाही यावरून पंचाला लाथ बसण्यापर्यंत प्रकरण गेलं, ते सगळ्यांनी पाहिलंय. पण फडाच्या कडेला बसलेली जाणती माणसं भांडतात ती ‘पट काढला (पाय धरून पाडलं) तेव्हा डोकं कुठल्या बाजूला होतं’ यावर. ते ऐकायला मजा येते, त्यातून काही कळतंही. म्हणून मेसमध्ये मी एक रीत लावून दिली. चारचौघांत बसून फाइट बघायची आहे आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांशी बोलायचंही आहे, अशांना ती उपयोगी पडेल.

बसण्यापूर्वी

वेळ आधी नीट बघून घ्या. अमेरिकेत मार्च ते नोव्हेंबर घड्याळं तासभर पुढे असतात, त्यामुळे थंडीच्या दिवसांत आपल्याकडे सगळं एक तास उशिरा सुरू होतं. अबुधाबीचा कार्यक्रम असला तर शनिवारीच रात्री जागायचं. मोठी फाइट नेहमी सगळ्यात शेवटी असते, आणि आधीच्या फाइट किती चालतील त्याचा नेम नसतो; तेव्हा मुख्य फाइटची नक्की वेळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ज्याला सकाळी अभ्यासिकेत जायचंय आणि फाइट नंतर बघायची आहे, त्याने आदल्या दिवशी ग्रुपवर तसं सांगावं. त्याच्यासमोर निकाल फोडणाऱ्याला आमच्याकडे गुलाबजाम मिळत नाही.

आणि आवाज बंद. निदान ज्या फाइटवर नंतर बोलायचंय तिचा तरी. समालोचक एकाच खेळाडूच्या प्रेमात पडला की त्याचा प्रत्येक बुक्का तुम्हाला लागल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्याचे दिसतच नाहीत. जज समालोचन ऐकत गुण देत नाहीत, आपण तरी का ऐकावं? आवाज बंद केल्यावर पोरं पहिल्या दिवशी कुरकुरली. नंतर त्यांनाच जाणवलं की बघायला जास्त दिसतंय.

कार्ड

मेसचं महिन्याचं कार्ड तुम्हाला माहीत असेल: पुढच्या बाजूला तारखा, सकाळ-संध्याकाळचे चौकोन, जेवलं की त्यावर पेनाने फुली. मागची बाजू कोरी. संपलेली कार्डं मी फेकत नाही, डब्यात ठेवते. फाइट सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाला एक कार्ड आणि एक पेन्सिल. मागच्या बाजूला तीन रकाने आखायचे. पहिल्यात राउंडचा आकडा, दुसऱ्यात गुण, तिसऱ्यात ‘का’.

साधी फाइट पाच पाच मिनिटांच्या तीन राउंडची, किताबाची आणि कार्यक्रमातली शेवटची मुख्य फाइट पाच राउंडची. मध्ये एक मिनिट विश्रांती. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना तीन जज बसतात. प्रत्येक राउंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला बहुतेक वेळा ९. एकाने दुसऱ्याला अगदीच झोडपला असेल तर १०-८. रेफरीने फाउलसाठी गुण कापला तर तो त्यातून वजा. राउंड संपला की जजचे गुण गोळा होतात. पाचव्या राउंडनंतर त्याला पहिला बदलता येत नाही. म्हणून आमच्याकडेही तेच: विश्रांतीच्या त्या एका मिनिटात कार्ड भरायचं, पालथं ठेवायचं, खोडरबर चालणार नाही.

हा नियम एवढा कडक का, तर फाइट संपल्यावर माणसाला शेवटचा राउंड तेवढा आठवतो. शेवटी ज्याच्या चेहऱ्यावर रक्त तो हरला आणि ज्याने हात वर केले तो जिंकला, असं डोकं आपोआप ठरवून टाकतं. गुण तसे नसतात. आमच्या पोरांना मी त्यांच्या भाषेत सांगितलं: मुख्य परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर कितीही झकास लिहिलं तरी त्याचे मार्क त्या प्रश्नापुरतेच, शेजारच्या कोऱ्या पानाला त्यातले मिळत नाहीत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण नोव्हेंबर २०१३ चं, लास वेगास, यूएफसी १६७. जॉर्ज सेंट पिएर चॅम्पियन, समोर जॉनी हेंड्रिक्स. पाच राउंड संपले तेव्हा सेंट पिएरचा चेहरा ओळखू येत नव्हता आणि हेंड्रिक्स जवळजवळ होता तसाच. दोन जजनी ४८-४७ सेंट पिएरला दिले, एकाने ४८-४७ हेंड्रिक्सला. यूएफसीचा अध्यक्ष डेना व्हाइटसुद्धा त्या निकालावर उघडपणे चिडला होता. पण राउंड राउंड करून बघितलं तर सगळा वाद पहिल्या राउंडवर येऊन थांबतो. तो ज्याला द्याल तो जिंकला. म्हणजे ‘हेंड्रिक्सला लुटलं’ आणि ‘नाही, तोच जिंकला’ असं तासभर ओरडण्याऐवजी फक्त ती पाच मिनिटं पुन्हा लावायची. आमच्याकडे लावली. तीन विरुद्ध चार अशी मतं पडली आणि भांडण पुऱ्या थंड व्हायच्या आत मिटलं.

(सगळीकडे हीच पद्धत नाही. सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपमध्ये अख्ख्या फाइटचा मिळून एकच विचार करतात, राउंडचे गुण नसतात. रितू फोगट तिथेच लढली. त्या फाइटला हे कार्ड लावून भांडू नका.)

‘का’चा रकाना

खरं काम इथे आहे. १०-९ कोणीही लिहील. का, ते चार-पाच शब्दांत लिहायचं, आणि त्यात निदान एक गोष्ट अशी हवी की जी बाकीच्यांना पुन्हा लावून दाखवता येईल. ‘डावा हुक, पाय लटपटले’ चालेल. ‘पाठीवर बसून गळा, दोनदा’ चालेल. ‘भारी खेळला’ हे चालणार नाही. ‘कंट्रोल होता’ हेही मी परत पाठवते: कंट्रोल होता तर त्या कंट्रोलचं केलं काय?

नियम यावर अगदी स्पष्ट आहे, पण बहुतेक चाहत्यांनी तो वाचलेला नसतो. जजने आधी बघायचं ते परिणाम करणारे ठोसे-लाथा आणि परिणाम करणारी पकड. कोणी जास्त मारलं यापेक्षा कोणाचं मारलेलं समोरच्याला जास्त लागलं. त्यात दोघं अगदी बरोबरीत असतील तरच पुढचं बघायचं, म्हणजे आक्रमकता. आणि तीही बरोबरीत असेल तरच पिंजऱ्याच्या मध्यावर कोण होतं ते. पुढे पुढे येणारा जिंकतो हा समज यामुळेच चुकीचा आहे. एखादा पुढे पुढे येऊन तोंडावर जॅब (पुढच्या हाताचा सरळ झटपट बुक्का) खात असेल तर तो फक्त जॅब खायला येतोय.

पडद्यावर ठोशांचे आकडे येतात, त्यांचंही तसंच. ‘सिग्निफिकंट स्ट्राइक (मोजण्याजोगे ठोसे-लाथा) ६२ विरुद्ध ४८’ दिसलं की आमचा धुळेकर लगेच निकाल जाहीर करायचा. त्या आकड्यात लांबून बसलेला हलका जॅबही एक आणि जबडा हलवणारा उजवा हातही एकच. आकडा बघा, पण ‘का’च्या रकान्यात तो लिहू नका.

१०-८ देताना पोरं फार उदार होतात. तीन गोष्टी बघा: समोरच्याला झालेलं नुकसान, वर्चस्व आणि ते किती वेळ टिकलं. नुसतं पाच मिनिटं वर बसून राहणं म्हणजे १०-८ नाही.

पाठ लागली, पुढे काय?

कुस्ती बघत वाढलेल्यांसाठी हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण पुण्यात असे खूप आहेत. पेठांतल्या तालमींत कधी तरी माती लागलेला एखादा काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, आणि तो नेहमी एकच वाक्य बोलतो: ‘पडला की संपली.’

दादा पुण्याला आले की आमच्यात बसतात. पहिल्यांदा त्यांनी एकाने सुरेख दुहेरी पट काढून समोरच्याला पाठीवर टाकलेला बघितला आणि उठून हात धुवायला निघाले. चितपट, कुस्ती निकाली. मी म्हटलं, दादा, बसा, अजून काहीच झालेलं नाही. त्यांना ते पटेना. पाठीवर पडलेला माणूस पायांत समोरच्याची कंबर धरून शांतपणे वाट बघतोय, हे त्यांच्या डोळ्यांना बघवत नव्हतं.

अशा माणसाला सांगत बसू नका, दाखवा. ७ ऑगस्ट २०१०, ओकलंड, अँडरसन सिल्वा विरुद्ध चेल सॉनन. सॉनन कुस्तीतला. चार राउंड त्याने सिल्वाला खाली घालून वरून बडवला. आमच्या कार्डाने लिहायचं झालं तर चारही राउंड सॉननचे. पाचव्यातही तेच चाललेलं, दोन मिनिटांहून कमी वेळ उरलेला. आणि पाठीवर पडलेल्या सिल्वाने पाय वर घेतले, सॉननची मान आणि एक हात मांड्यांच्या कात्रीत धरला, हात ओढला. सॉननने टॅप केलं, म्हणजे हाताने थापटून हार मानली. संपली.

दादांनी ते तीन वेळा मागे घ्यायला लावलं. ‘श्वास कोंडला का त्याचा?’ नाही. या पकडीला ट्रँगल म्हणतात, आणि तिच्यात काम होतं ते रक्ताचं. मानेच्या दोन्ही बाजूंनी डोक्याकडे रक्त नेणाऱ्या नसा असतात. एका बाजूला मांडी दाबते, दुसऱ्या बाजूला पकडलेल्याचाच खांदा. मेंदूचं रक्त अडलं की माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो, मग छाती कितीही भरलेली असो. म्हणून टॅप करणाऱ्याला भित्रा म्हणू नये. तो शुद्धीवर असताना हिशोब करतोय.

म्हणजे खाली असलेला माणूस हरतोयच असं नाही, आणि जिंकतोयच असंही नाही. कार्ड भरताना विचारायचं ते एवढंच: टेकडाउननंतर, म्हणजे खाली पाडल्यावर, काय झालं? पाडून वरून कोपर-बुक्के घातले, पाठ घेतली, गळा धरला, तर त्याचे गुण. पाडलं आणि समोरचा तीन सेकंदांत जाळीला टेकून उभा राहिला, तर त्या पटाला जवळपास काहीच किंमत नाही, तो कितीही देखणा असो. जाळी हे दादांना अजूनही रुचत नाही. ‘भिंतीला टेकून उठायचं, हा काय डाव झाला?’ पण पिंजऱ्यात तो डावच आहे. खालच्याने कूल्हे सरकवत पाठ जाळीला लावायची, बगलेतून हात घालून जागा करायची आणि उठायचं. वरच्याने त्याचे पाय ओढून त्याला जाळीपासून तोडायचं. त्या दोन मिनिटांत ‘काहीच होत नाहीये’ म्हणून पोरं मोबाइल काढतात, आणि फाइट कुठे फिरली हे त्यांना नंतर कळत नाही.

उलट, कुस्तीवाल्या काकाचं ऐकायचं असतं तेही सांगते. कोण कुठे पडणार हे त्याला तुमच्या आधी दिसतं. एकदा एक जण एकेरी पटाला वाकला आणि दादा पटकन म्हणाले, ‘मान दिली त्यानं.’ डोकं समोरच्याच्या छातीला आतून लावायच्या ऐवजी बाहेर राहिलं होतं. पुढच्या क्षणाला गिलोटिन बसला, म्हणजे समोरून मान काखेत धरून गळा आवळला. कुस्तीत ती चूक खपून जाते, कारण तिथे गळा आवळता येत नाही. इथे खपत नाही. यूएफसीत उतरलेला आपला पहिला खेळाडू भरत खंडारे, २०१७ ला शांघायमध्ये साँग याडाँगकडून पहिल्याच राउंडमध्ये हरला तो गिलोटिननेच.

नजर कुठे ठेवायची

चेहऱ्यावर नाही. आमच्या पोळ्यावाल्या मावशी पुऱ्या तळता तळता एक डोळा टीव्हीवर ठेवतात आणि कोण दमलं ते सगळ्यांच्या आधी सांगतात: ‘त्याचं तोंड उघडं पडलंय.’ बरोबर असतं. तोंड उघडं, हात हनुवटीवरून छातीपर्यंत उतरलेले, आणि विश्रांतीत स्टुलावर बसताना धप्पकन बसणं, या तीन गोष्टींवरून पुढच्या राउंडचा अंदाज येतो.

पाय बघा. पोटरीवर बसणारी लाथ टीव्हीवर किरकोळ दिसते, पण चार-पाच बसल्या की पुढचा पाय टाकता येत नाही. मग खेळाडू उभं राहायची बाजू बदलतो किंवा मागे सरकणं बंद होतं. जानेवारी २०२१ मध्ये डस्टिन पॉइरियेने कॉनर मॅकग्रेगरला दुसऱ्या राउंडमध्ये पाडला तेव्हा सगळे हातांबद्दल बोलत होते. ती फाइट पायांकडे बघत पुन्हा लावा.

हे शिकायचं तर जड वजनाच्या फाइट घेऊ नका. तिथे एक बुक्का बसला की कार्ड कोरंच राहतं. सत्तावन्न किलोच्या फ्लायवेटवाल्यांत जेवढं घडतं तेवढं कुठेच नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि मेसमध्ये एकालाही ते मान्य नाही.

रेफरीने थांबवली तेव्हा

‘लवकर थांबवली’ हे दर रविवारी निदान एकदा ऐकू येतं. रेफरी बघतो ते असं: खाली पडलेला माणूस स्वतःचा बचाव डोकं वापरून करतोय की नुसता मार झेलतोय. हात डोक्यावर ठेवून गोळा होऊन पडणं हा बचाव नाही, तिथून तो हलायला हवा. यावर भांडायचं असेल तर शेवटचे दहा सेकंद चालू वेगात बघा. स्लो मोशनमध्ये बघून रेफरीला दोष देऊ नका. त्याच्यापुढे स्लो मोशन नव्हतं, आणि सावकाश बघितलं की प्रत्येक माणूस शुद्धीवर असल्यासारखा दिसतो.

फाउलची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर २०२५, अबुधाबी, हेवीवेट किताब, टॉम ॲस्पिनॉल आणि सिरिल गान. पहिल्याच राउंडमध्ये गानची बोटं ॲस्पिनॉलच्या डोळ्यांत गेली, ॲस्पिनॉल म्हणाला दिसत नाही, फाइट रद्द. नुसती रद्द, कोणीच जिंकलं नाही. नियम असा की नकळत झालेल्या फाउलमुळे फाइट थांबली आणि पाच राउंडच्या फाइटचे तीन राउंडही झालेले नसतील, तर ती ‘नो कॉन्टेस्ट’. तीन झालेले असते तर तोवरचे गुण मोजले असते. ‘त्याने मुद्दाम सोडली’ असं आमच्यात दोघं म्हणत होते. मी विचारलं, डोळ्यात मिरचीचा हात गेल्यावर तू किती वेळ सिंकपाशी उभा होतास? मागच्याच महिन्यातली गोष्ट होती, सगळ्यांसमोरची. दुसऱ्याच्या डोळ्यात काय दिसतंय यावर सोफ्यावरून मत देऊ नये, एवढाच आमचा नियम झाला.

याने त्याला हरवलं, त्याने याला

हे एकदाच सांगून संपवते. राफाएल दोस आंजोसने डिसेंबर २०१४ मध्ये नेट डियाझला हरवलं. नेट डियाझने मार्च २०१६ मध्ये मॅकग्रेगरला. मॅकग्रेगरने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडी अल्वारेझला. आणि अल्वारेझने त्याच जुलैमध्ये दोस आंजोसला, तेही पहिल्या राउंडमध्ये. आता सांगा यांतला भारी कोण. ज्याला अजूनही ‘अ ने ब ला हरवलं म्हणजे’ असं सुरू करायचंय त्याने ही चार नावं कागदावर गोल काढून लिहावीत.

त्यापेक्षा कार्डाच्या डोक्यावर दोन गोष्टी टिपून ठेवा: दोघांचं वजन भरलं का, आणि कोणी ऐन वेळी आलंय का. वजन आदल्या दिवशी होतं. त्यासाठी खेळाडू अंगातलं पाणी काढतात आणि रात्रीत परत भरतात. ज्याला ते जमलं नाही तो तिसऱ्या राउंडमध्ये विझतो. किताब नसेल तर एक पौंडाची सूट असते, तरीही वजन चुकलं तर मानधनातला हिस्सा समोरच्याला जातो. आणि ऐन वेळी आलेल्याला कमी लेखू नका. नेट डियाझ मॅकग्रेगरसमोर अकरा दिवसांच्या बोलीवर उभा राहिला होता, कारण मूळ ठरलेल्या दोस आंजोसचा पाय मोडला होता.

आपला माणूस असेल तर

तेव्हा कार्डाची खरी गरज. ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्तराखंडचा अंशुल जुबली माइक ब्रीडनशी लढला. पहिले दोन राउंड अंशुलचे वाटत होते. आमच्याकडे तर पोरांनी तिसरा राउंड सुरू व्हायच्या आधीच कार्डं उताणी टाकली. तिसऱ्यात तो नॉकआउट झाला. त्यानंतर जे सुरू झालं, नशीब, घाई, कोच, ते मी ऐकून घेतलं, आणि मग म्हटलं, तिसऱ्या राउंडचा ‘का’ लिहा. लिहिताना सगळ्यांना एकच आठवलं: हात खाली आले होते.

त्याला शिव्या देणाऱ्यांना मात्र जागीच थांबवा. आपण ज्याला ‘घासून हरला’ म्हणतो तो माणूस तिथे उभा तरी राहिला. बायकांच्या फाइटला कोणी दिसण्यावरून बोललं तर आमच्याकडे त्या दिवशी भांडी त्याची. आणि आवडत्या खेळाडूचा वकील व्हायचं असेल तर बिनधास्त व्हा, पण बसतानाच सांगा की मी याचा वकील. जज म्हणून बसून वकिली करू नका.

पहिला सराव कशावर करायचा, तर पूजा तोमरच्या फाइटवर. ८ जून २०२४, लुईव्हिल, समोर ब्राझीलची रायन दोस सांतोस. यूएफसीत जिंकणारी पूजा पहिली भारतीय महिला. निकाल मी इथे फोडलाच आहे, पण कार्ड भरायला त्याने काही बिघडत नाही, कारण तिथे बसलेल्या तिघांचंही एकमेकांशी जमलं नाही. एका जजने तिन्ही राउंड पूजाला दिले, ३०-२७. दुसऱ्याने तिन्ही राउंड दोस सांतोसला दिले. तिसऱ्याने २९-२८ पूजाला, आणि त्यावर ती जिंकली. डोळे तेच, फाइट तीच, आणि एकाही राउंडवर पहिल्या दोघांचं एकमत नाही.

आवाज बंद करा, तीन राउंड सलग लावा, विश्रांतीच्या मिनिटाला पॉज करू नका. कार्डं पालथी. तिसरा राउंड संपला की सगळ्यात कमी बोलणाऱ्याने आधी वाचायचं, आणि तेही गुण नाही, ‘का’चा रकाना.